वडापावाचे तीन करार

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त लाइपझिगला असतो. त्याने तिथे फ्लॅट घेतला. नोटरीने बावीस पानांचा करार पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. सोबत दुभाषी बसवला, त्याचे पैसे वेगळे. या गोष्टीला दोन महिने झाले, तरी मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, मी अजून मालक नाही." यात काही गडबड तर नाही? आमचं रजिस्ट्रेशन बेलापूरला एका दुपारी उरकलं होतं.
— निवृत्त शिक्षक, नेरूळ

उत्तर : सर, मुलगा खरं बोलतोय आणि गडबड काही नाही. इतका सुरळीत व्यवहार आपल्याकडे झाला असता तर मी पेढे वाटले असते.

आधी नोटरीचं बघू. हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं तेच माझ्याही येतं : ठाण्याचा कोर्टनाका, छत्रीखालचं टेबल, गोल शिक्का, लाल चकती, जाडजूड रजिस्टर आणि "इथे सही करा, इथे, आणि इथे" म्हणत बोट ठेवत जाणारा कारकून. आपला नोटरी १९५२ च्या नोटरी कायद्याखाली नेमलेला असतो. सही तुमचीच आहे, शपथ तुम्हीच घेतलीत, एवढ्याची तो ग्वाही देतो. आत काय लिहिलंय याची उठाठेव तो सहसा करत नाही. पस्तीस वर्षं मी त्याच नाक्यावर वकिली केली, या मंडळींच्या टेबलावरचा चहा प्यायले, तेव्हा हे प्रेमानेच सांगतेय.

जर्मनीतला 'नोटार' ही वेगळीच चीज आहे. न्यायाधीश व्हायला जी पात्रता लागते ती त्याला लागते. तो घेणाऱ्याचा नसतो आणि विकणाऱ्याचाही नसतो. दोघांना सारखंच समजावून सांगायचं, हे त्याला कायद्याने बांधून दिलेलं आहे. मोठ्याने वाचणं ही त्याची हौस नव्हे. दस्त पक्षकारांच्या समोर वाचला गेला पाहिजे, त्यांनी तो मान्य केला पाहिजे आणि मगच सह्या, असा नियमच आहे. ज्याला जर्मन पुरेसं समजत नाही त्याला भाषांतर करून सांगायचं, म्हणून तो दुभाषी. घराचा करार असा नोटरीपुढे झाला नाही तर तो मुळातच रद्द.

या वाचनाला हसू नका. मी १९९४ साली नौपाड्यात घर घेतलं तेव्हा स्वतः वकील असूनही करारनामा सगळा वाचला नव्हता. बिल्डरचा माणूस घाईत होता आणि मला चारचं मॅटर होतं. टेरेसचे हक्क बिल्डरने स्वतःकडे ठेवल्याचं कलम मला सात वर्षांनी सापडलं, तेही वर मोबाइलचा टॉवर चढायला लागल्यावर. दोन तास कोणी कानाशी वाचत बसलं असतं तर त्या कलमाला मी अडखळले असते.

आता "मी अजून मालक नाही" या वाक्याकडे येते. त्यासाठी आपण ठाणे स्टेशनबाहेर वडापाव घेऊ.

तुम्ही वीस रुपये दिलेत, त्याने वडापाव दिला. तुमच्या-माझ्या लेखी हा एक व्यवहार. जर्मन कायद्याच्या लेखी हे तीन करार. पहिला : तो वडापाव द्यायला बांधला गेला, तुम्ही वीस रुपये द्यायला. एवढ्याने वडापाव तुमचा होत नाही, फक्त मागायचा हक्क येतो. दुसरा : हा वडापाव आता तुमचा, अशी दोघांची संमती आणि प्रत्यक्ष हातात देणं. तिसरा : ही वीसची नोट आता त्याची. मी थट्टा करत नाहीये. तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना बेकरीतल्या पावाचं उदाहरण देऊन हेच शिकवतात. वर आणखी गंमत अशी, की दुसरा करार पहिल्यावर अवलंबून नाही. पहिला काही कारणाने रद्द ठरला तरी वडापावाची मालकी तुमच्याकडेच राहते आणि वडेवाल्याला तो 'विनाकारण झालेला लाभ' म्हणून तुमच्याकडून परत मागावा लागतो. तोवर तुम्ही तो खाल्लेला असणार, हा भाग वेगळा.

ही विभागणी साविनी या प्राध्यापकाच्या डोक्यातून निघाली आणि १९०० च्या १ जानेवारीला लागू झालेल्या जर्मन नागरी संहितेत जाऊन बसली. फ्रेंचांना हे सगळं अजब वाटतं. त्यांच्या संहितेचं १५८३ वं कलम सांगतं की वस्तू आणि किंमत यांवर दोघांचं एकमत झालं की विक्री पुरी झाली, मग वस्तू हातात पडलेली नसो की पैसे मिळालेले नसोत. मालकी संमतीबरोबरच निघते. घराच्या बाबतीत तेही नोटरीकडे जातात आणि सरकारी नोंदही करतात, पण ती नोंद तिसऱ्या माणसाविरुद्ध उपयोगी पडावी म्हणून. दोघांच्या आपापसात मालकी त्यासाठी अडून राहत नाही.

आणि आपण? वडापावात आपण फ्रेंच आणि फ्लॅटमध्ये जर्मन. १९३० च्या मालविक्री कायद्यात ठरावीक, तयार माल असेल तर एरवी करार होताक्षणी मालकी जाते. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५४ वं कलम बजावून सांगतं की विक्रीच्या नुसत्या कराराने घरात कसलाही हितसंबंध तयार होत नाही. त्याला नोंदणीकृत खरेदीखत लागतं. ज्याने कधी 'ॲग्रीमेंट फॉर सेल' आणि 'सेल डीड' यांतला फरक बँकेच्या कर्जाच्या काउंटरवर उभ्याने शिकलाय, त्याला जर्मन कायदा निम्मा आधीच कळलेला असतो.

तर तुमच्या मुलाचं असं चाललं असणार. करार झाला. मग नोटरी जमीननोंदवहीत, म्हणजे 'ग्रुंडबुख'मध्ये, त्याच्या नावाची आगाऊ नोंद करून घेतो. या नोंदीनंतर विकणाऱ्याने तेच घर आणखी कोणाला विकलं तरी तुमच्या मुलाचं काही बिघडत नाही. बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या की नोटरी कळवतो, "आता पैसे भरा." मग राज्यानुसार साडेतीन ते साडेसहा टक्के खरेदीकर. तो भरला की करखात्याचा दाखला येतो आणि त्यानंतर मालक म्हणून नाव चढतं. ते चढलं की तो मालक, एक दिवसही आधी नाही. दोन-चार महिने सहज जातात.

या वहीचा मला खरंच हेवा वाटतो. ती स्थानिक न्यायालयात ठेवलेली असते आणि तिच्यावर विसंबून सरळ मनाने घर घेणाऱ्याला कायदा सांभाळून घेतो, नोंद चुकीची निघाली तरीसुद्धा. आपल्याकडे सातबारा काय किंवा प्रॉपर्टी कार्ड काय, खोटं ठरेपर्यंत खरं. म्हणून तर आम्ही वकील तीस वर्षांचा सर्च काढतो. तुमच्या नेरूळला जमीन मुळात सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीला तर जमीन अजून मिळालेलीच नाही. मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डर देत नसलेली जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे तिसरी फाइल चालू आहे. तुमचा मुलगा दोन महिन्यांत चिडला असेल तर त्याला आमची फाइल दाखवा.

माझं मत विचाराल तर खरा फरक इथे आहे. ते लोक भांडण होण्याआधी खर्च करतात. आपण सही फुकटात उरकतो आणि मग वीस वर्षं तारखांना जातो.

प्रश्न : मी ठाण्यात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला शिकवलं, की कॉमन लॉमध्ये न्यायाधीश कायदा घडवतात आणि सिव्हिल लॉमध्ये फक्त कलमं लावतात. परीक्षेत एवढं लिहिलं तर चालेल का? फ्रान्स आणि जर्मनी एकच धरायचे का? आणि सिव्हिल लॉ म्हणजे आपला दिवाणी कायदाच ना?
— विद्यार्थी, कळवा

उत्तर : परीक्षेत चालेल, त्यावर मार्कही मिळतील. पण ते खरं नाही.

शेवटचा प्रश्न आधी, कारण इथे मीही एकेकाळी घसरले होते. दिवाणी म्हणजे फौजदारी नसलेलं. हा 'सिव्हिल' त्याहून वेगळा. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या जस्टिनियन बादशहाने रोमन कायद्याचं संकलन करून घेतलं. पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीत बोलोन्याला ते नव्याने शिकवलं जाऊ लागलं, आणि त्या अभ्यासातून युरोपात वाढलेली परंपरा ती ही. मी मराठीत तिला 'संहितेची परंपरा' म्हणते. हे नावही पूर्ण बरोबर नाही. संहिता तर आपल्याकडे ढिगाने आहेत : करार कायदा १८७२ चा, मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा. कॉमन लॉचं माहेर असलेल्या इंग्लंडने स्वतःचा करार कायदा आजवर असा एका ठिकाणी लिहून काढलेला नाही, आपल्याला मात्र लिहून दिला. तेव्हा कलमं आहेत म्हणून कोणी जर्मन होत नाही.

फ्रान्स आणि जर्मनी एकच धरू नकोस. सख्खे भाऊ म्हण हवं तर, पण एका घरात राहणारे नव्हेत.

क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये उत्तरेत रूढींचा कायदा आणि दक्षिणेत लिखित रोमन कायदा होता. नेपोलियनने १८०० साली चार जुन्या कायदेपंडितांना कामाला लावलं, दोन रूढींच्या मुलखातले, दोन रोमन कायद्याच्या. त्यांतला पोर्तालिस म्हातारपणाकडे झुकलेला आणि जवळजवळ आंधळा होता, पण त्यांचा खरा मेंदू तोच. पहिला मसुदा त्यांनी चार महिन्यांत उभा केला आणि २१ मार्च १८०४ ला २२८१ कलमांची संहिता जाहीर झाली. भाषा अशी, की घरातल्या शिकलेल्या माणसाने वाचावी.

जर्मनांनी घाई केली नाही. १८१४ साली हायडेलबर्गचा थिबो म्हणाला, सगळ्या जर्मनांसाठी एक संहिता करा. तोच मघाचा साविनी उलट म्हणाला, कायदा भाषेसारखा लोकांत वाढतो, तो आत्ता लिहायची आपली तयारी नाही. तयारी व्हायला ऐंशी वर्षं लागली. पहिली समिती १८७४ साली बसली, तिच्या मसुद्यावर टीका झाली, दुसरी समिती आली आणि १८९६ साली संहिता मंजूर झाली. तिच्या २३८५ कलमांची सुरुवात 'सर्वसाधारण भागा'ने होते आणि कुठलाही प्रश्न सोडवायला पाच-सहा ठिकाणी बोटं घालून ठेवावी लागतात. घरच्या माणसासाठी ती लिहिलेलीच नाही. तरी याच रुक्ष पुस्तकात मधमाश्यांच्या उडालेल्या थव्यावर चक्क चार कलमं आहेत : आपल्या थव्याच्या मागे दुसऱ्याच्या कुंपणात शिरता येतं, दोन थवे एकत्र झाले तर काय, वगैरे. मला ती फार आवडतात.

आता न्यायाधीशांचं. फ्रेंच संहितेच्या ५ व्या कलमाने त्यांना सर्वसाधारण नियम घालून द्यायला मनाई केली, कारण क्रांतीआधीची न्यायालयं फार शिरजोर झाली होती. पण लगेच मागचंच ४ थं कलम म्हणतं, कायदा गप्प आहे किंवा अस्पष्ट आहे ही सबब सांगून निवाडा टाळलात तर तो गुन्हा. म्हणजे नियम करू नका, पण निकाल मात्र द्या. या सापळ्यात अडकलेला माणूस काय करणार? नियम करणार आणि आपण केलाच नाही असं दाखवणार.

उदाहरण बघ. १९२५ साली बेल्फोर गावात एका मुलीला ट्रकने उडवून जखमी केलं. ड्रायव्हरची चूक सिद्ध करणं कठीण. संहितेत १३८४ व्या कलमाच्या सुरुवातीला एक ओळ होती, की माणूस आपल्या ताब्यातल्या वस्तूंनी केलेल्या नुकसानीलाही जबाबदार असतो. १८०४ साली ती ओळ म्हणजे पुढच्या कलमांची नुसती प्रस्तावना; पुढे जनावरं आणि पडकी घरं एवढंच होतं. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९३० ला त्या प्रस्तावनेतून अख्खा कायदा बाहेर काढला : वस्तू ताब्यात असेल तर जबाबदारी तुमची, चूक दाखवायची गरज नाही, अटळ किंवा बाहेरचं कारण सिद्ध केलंत तरच सुटका. अपघातांसाठी वेगळा कायदा आला तो १९८५ साली. मधली पंचावन्न वर्षं फ्रेंच रस्त्यांवरची भरपाई मुख्यतः न्यायाधीशांनी एका ओळीवर चालवली. घोडबंदर रोडच्या अपघाताचे दावे लढताना मला या निकालाची कितीदा तरी आठवण यायची. आणि हे 'फक्त कलमं लावणारे' लोक!

फ्रेंच निकाल वाचायला मात्र वैताग. 'ज्याअर्थी... ज्याअर्थी...' करत सगळा निकाल एका वाक्यात, बहुधा पानभराचा. २०१९ च्या ऑक्टोबरपासून त्यांनी ते सोडून सरळ वाक्यं आणि क्रमांकित परिच्छेद सुरू केले.

जर्मन निकाल लांब असतात, प्राध्यापकांची मतं खोडत-मांडत जातात. त्यातला माझा लाडका निकाल मासळीचा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, 'जेसिका' बोटीवरच्या २१४ पिंपांचा सौदा झाला, किलोला ४ मार्क ३० फेनिग. करारात नॉर्वेजियन नाव लिहिलं, 'हाकयोरिंगस्क्योड'. दोघांनाही वाटलं ते व्हेलचं मांस. प्रत्यक्षात त्या शब्दाचा अर्थ शार्कचं मांस, आणि पिंपातही शार्कच होता. माल सरकारने जप्त केला आणि घेणारा न्यायालयात गेला. विकणारा म्हणू शकत होता, कागदावर शार्क, पिंपात शार्क, माझं काय चुकलं? पण १९२० साली न्यायालयाने ठरवलं की दोघांच्याही मनात व्हेल होता, तर करार व्हेलचाच. कागदावरचा चुकीचा शब्द आड येत नाही. ठाण्याच्या मासळीबाजारात दोघेही सुरमई म्हणत मोरी माशावर बोट ठेवत असतील तर कोळीण काय निकाल देईल? बहुतेक हाच, पण आवाज चढवून.

परीक्षेत एवढं लिहू नकोस. तपासणारा आमच्या पिढीचा असेल.

प्रश्न : माझे यजमान म्हापशाचे. आमचं लग्नही गोव्यातच नोंदलं गेलं, वेगळा काही करार केला नव्हता. नोकरीमुळे ते ठाण्यात आहेत, घरदार आणि मतदान गोव्यातच. लग्नानंतर कोपरीला त्यांच्या नावे फ्लॅट घेतला. आता ते म्हणतात, मृत्युपत्र करून तो पुतण्याला देणार. आम्हाला एक मुलगी आहे. ते असं करू शकतात का?
— गृहिणी, कोपरी

उत्तर : ताई, सगळा फ्लॅट नाही देऊ शकत. वरच्या विद्यार्थ्याला जी परंपरा दूरची वाटते ती तुमच्या घरात नांदतेय. गोव्यात पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता चालत आली आणि तिच्यावर नेपोलियनच्या संहितेची दाट छाया आहे. वारशाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आहे, पण गाभा तोच.

वेगळा विवाहकरार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे कागदावर नाव कोणाचंही असो, फ्लॅटचा अर्धा हिस्सा तुमचा. उरलेला अर्धा त्यांचा, आणि त्याच्या निम्म्यावर मुलीचा राखीव हक्क. पुतण्याला मृत्युपत्राने देण्यासारखा राहतो तो एकूण चौथा हिस्सा.

फ्लॅट ठाण्यात आहे म्हणून इथला कायदा लागेल, असं त्यांना कोणी सांगितलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल दाखवा. गोव्याचं अधिवास असलेल्या माणसाची मुंबईतली मालमत्ता होती आणि तिलाही गोव्याचाच वारसा कायदा लागू झाला. तुमच्या बाबतीत कळीचा मुद्दा त्यांचं अधिवास गोव्याचंच आहे का, हा. मतदान ओळखपत्र, म्हापशाचं घर, जन्मनोंद, लग्नाचा दाखला असं सगळं एका फाइलीत लावा आणि म्हापशातल्या वकिलाला दाखवा, ठाण्यातल्या नको.

तुमच्या शेजारच्या हिंदू गृहस्थांना स्वकष्टार्जित घर पुतण्याला संपूर्ण देता येतं, फ्रेंच माणसाला नाही. एक मूल असेल तर अर्धं राखीव, दोन असतील तर दोनतृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीनचतुर्थांश. जर्मन बापाला मुलाला वारसातून वगळता येतं, पण त्या मुलाला कायदेशीर हिस्स्याच्या निम्म्या किमतीएवढे पैसे मागता येतात. घरात वाटा मात्र मिळत नाही.

ता. क. नेरूळच्या सरांच्या पाकिटावर मागे पेन्सिलीने लिहिलं होतं : "त्या नोटरीची फी थोडी कमी करून मिळेल का?" नाही, सर. ती फी व्यवहाराच्या किमतीवर कायद्यानेच ठरलेली असते आणि नोटरीने ती घासाघीस करून कमी करणं हेच तिथे बेकायदेशीर आहे. दुभाष्याशी बोलून बघा.